नोंद आणि जतन : 'आर'मधील पॅकेज-व्यवस्थापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

संशोधनाचा निष्कर्ष दुसऱ्या अभ्यासकाला तीच सामग्री व तीच पद्धती वापरून पुन्हा काढता यावा, ही शास्त्रीय व्यवहाराची किमान अट होय. सांख्यिकीय विश्लेषण संगणकावर होऊ लागल्यापासून या अटीत एक भर पडली आहे. आज्ञावली ज्या पॅकेजांवर अवलंबून असते, त्यांच्या आवृत्त्याही त्याच असाव्या लागतात. 'आर' या मुक्त संगणकभाषेच्या संदर्भात ही अट कितपत पाळली जाते, याचा विचार येथे केला आहे.

विवेचन

आवृत्तीतील बदल ही किरकोळ बाब नव्हे. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या 'आर ३.६.०' मध्ये यादृच्छिक नमुना निवडण्याची रीत बदलली. जुन्या रीतीत फार मोठ्या समष्टीतून निवड करताना सर्वांना समान संधी मिळत नसे. म्हणून हा बदल योग्यच होता. तथापि, आज्ञावली व बीजसंख्या तीच असूनही आता नमुन्यात वेगळ्या व्यक्ती येऊ शकतात. जुनी रीत वापरण्याची सोय ठेवलेली आहे. परंतु मूळ विश्लेषण कोणत्या आवृत्तीत झाले हे ठाऊक असेल तरच तिचा उपयोग.

ही उणीव 'आर-एन्व्ह' हे पॅकेज बऱ्याच अंशी भरून काढते. प्रत्येक पॅकेजचे नाव, आवृत्ती व उगमस्थान ते 'लॉकफाइल'मध्ये नोंदवते आणि त्यावरून तोच संच दुसऱ्या संगणकावर उभा करता येतो. मात्र 'आर'ची आवृत्ती त्यात केवळ नोंदलेली असते. ती स्वतंत्रपणे बसवावी लागते. शिवाय लॉकफाइलमध्ये पॅकेज नसते, त्याचा पत्ता असतो.

हा भेद किती गंभीर आहे, हे 'एमरॅन'च्या उदाहरणावरून दिसते. 'क्रॅन' या 'आर'च्या मध्यवर्ती पॅकेज-भांडाराच्या १७ सप्टेंबर २०१४ पासूनच्या दैनंदिन प्रती या संग्रहात होत्या. पुढे तो मायक्रोसॉफ्टकडे आला. 'चेकपॉइंट' पॅकेजच्या साहाय्याने आज्ञावलीत एक तारीख लिहिली की त्या दिवसाच्या आवृत्त्या मिळत. १ जुलै २०२३ रोजी हा संग्रह बंद झाला आणि त्यावर विसंबलेल्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालेनाशा झाल्या. अभ्यासकांची नोंद अचूक होती. ज्या स्थळाचा तिने निर्देश केला होता, ते स्थळच उरले नाही. क्रॅनच्या अभिलेखागारात जुन्या आवृत्त्या मूळ संहितेच्या रूपात मिळतात, पण त्या शोधून जुळवण्याचे कष्ट नंतरच्या अभ्यासकावर पडतात.

निष्कर्ष

'विश्लेषणासाठी संगणकप्रणालीचा वापर केला' हे प्रबंधातील वाक्य यापुढे पुरेसे मानता येणार नाही. प्रबंधासोबत लॉकफाइल मागवावी, तसेच पॅकेजांच्या मूळ संहितेची प्रत मूळ सामग्रीशेजारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. क्रॅनवरील पॅकेजे बहुतांशी मुक्त परवान्याखाली असल्याने अशी प्रत ठेवण्यास सहसा आडकाठी नाही. नोंद ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. जतनाचा भार मात्र संस्थेनेच उचलला पाहिजे.