वाफेवर चालणारा पुरावा

सिडनीच्या पॉवरहाऊस संग्रहालयातील बोल्टन आणि वॅट यांचे इंजिन १७८५ साली लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत बसवले गेले. माल्ट दळण्यासाठी तिथे आधी घोडे फिरत असत. दोनच वर्षांनी राजा तिसरा जॉर्ज ते पाहून गेला. १८८७पर्यंत, म्हणजे शंभरहून अधिक वर्षे, ते राबले. भंगारात निघायच्या बेतात असताना सिडनीचे प्राध्यापक आर्चिबाल्ड लिव्हरसिज यांनी ते मागून घेतले आणि सुटे भाग जहाजाने ऑस्ट्रेलियाला आले. १९८०च्या दशकात ते दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर चालू लागले.

हे कौतुकाचेच आहे. पण जतन म्हणजे नेमके कशाचे जतन? १७९५ साली याच इंजिनात बदल करून दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ वापरली जाऊ लागली. १७८५चे रूप आणायचे तर हा बदल पुसावा लागेल, आणि तो पुसणे म्हणजे इंजिनाचे जवळजवळ सगळे आयुष्य नाकारणे. या यंत्राचा 'मूळ' असा एकच क्षण नाही, हे मान्य केलेले बरे.

त्याची सूर्य-ग्रह दंतचक्रेच पाहा. साध्या क्रँकचे पेटंट १७८०पासून जेम्स पिकार्डकडे असल्यामुळे वॅटने ही पळवाट काढली. आज आपण तिला कल्पकता म्हणून दाद देतो. तेव्हा ती कायद्याची अडचण होती! (फायदाही झाला: दट्ट्याच्या एका फेरीत गतिचक्र दोनदा फिरते.)

लंडनच्या सायन्स म्युझियममधले १७८८चे 'लॅप' इंजिन स्तब्ध उभे असते. त्याची झीज तिथेच थांबते. सिडनीचे इंजिन मात्र फिरताना स्वतःचाच पुरावा थोडा थोडा झिजवते. तरीही माझा कौल फिरण्याकडे आहे, कारण वाफ थंड होऊन निर्वात होणे आणि वातावरणाचा दाब कामाला लागणे हे स्थिर लोखंडातून कळत नाही.

२०१५मध्ये संग्रहालय पॅरामाटाला हलवण्याचा सरकारी निर्णय जाहीर झाला, तेव्हा या इंजिनाच्या हलवाहलवीचाही वाद पेटला. पुढे अल्टिमोची जागा राखली गेली. सागर ओलांडून आलेल्या यंत्राला आता जागेवरून हलवू नये, हा युक्तिवाद मला आधी विसंगत वाटला होता. परंतु एकदा सुटे करून जोडलेले यंत्र दुसऱ्यांदा सुटे करणे ही वेगळीच जोखीम असते.

माझा आक्षेप दुसराच आहे. दुरुस्तीनंतर ते भाराविना फिरत असे. शेजारी माल्ट भरडणारे रूळ आणि घोड्यांचा रहाट दाखवला नाही, तर प्रेक्षक गती पाहतो, काम पाहत नाही.