वचन आणि जन्म : ‘ख्रिस्तपुराणा’च्या संदर्भात मशीहाविषयीच्या भाकिताचा अर्थ

प्रस्तावना

फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९-१६१९) यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा एकाच कारणाने होतो. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या जेझुइट धर्मगुरूने पहिल्याच अवस्वरात मराठी भाषेची मुक्तकंठाने स्तुती केली. ती स्तुती शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली. तिच्या अभिमानात सुमारे अकरा हजार ओव्यांचे उरलेले काव्य मात्र बहुतांशी अवाचित राहिले. या काव्याचा विषय कोणता, हे कवीने स्वतःच सांगून ठेवले आहे. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाचे पोर्तुगीज शीर्षक ‘आमचा तारक येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे निवेदन’ अशा आशयाचे आहे. म्हणजे कवीच्या लेखी हे केवळ ‘चरित्र’ नाही, ते ‘आगमना’चे काव्य आहे. ज्याचे आगमन होते त्याची कोणीतरी वाट पाहिलेली असते. मशीहाच्या जन्माचे भाकीत ख्रिस्ती श्रद्धेला कोणत्या अर्थाने महत्त्वाचे वाटते आणि स्टीफन्स यांच्या काव्यरचनेत तो अर्थ कसा उतरला आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाकीत की वचन?

‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा आहे. ‘ख्रिस्त’ हे त्याच्या ग्रीक भाषांतराचेच मराठी रूप होय. प्राचीन इस्राएलात राजाला व याजकाला तेलाने अभिषेक होत असे. यशयाच्या ग्रंथात तर पारसिक सम्राट कोरेश यालाही परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे (४५:१). म्हणून प्रारंभी ही संज्ञा भविष्यातील एकाच व्यक्तीसाठी राखून ठेवलेली नव्हती. दाविदाचे घराणे टिकून राहील, या वचनाभोवती (२ शमुवेल ७) हळूहळू एका आदर्श राजाची आशा गोळा होत गेली आणि राजसत्ता लयाला गेल्यावर ती अधिकच तीव्र झाली.

ख्रिस्तजन्माशी सर्वाधिक निगडित असलेले भाकीत यशयाच्या सातव्या अध्यायात येते. त्याचा मूळ प्रसंग मात्र राजकीय आहे. इ.स.पूर्व ७३५ च्या सुमारास अराम व उत्तर इस्राएल यांच्या राजांनी यहूदावर चाल केली. राजा आहाज भयभीत झाला. त्या वेळी संदेष्टा यशया त्याला एक चिन्ह देतो. एक तरुणी पुत्राला जन्म देईल, त्याचे नाव ‘इम्मानुएल’ म्हणजे ‘देव आमच्यासह’ असे असेल आणि त्या बालकाला बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच शत्रूंचे देश ओस पडतील. हे चिन्ह आहाजासाठी आहे. सात शतकांनंतरच्या जन्माने आहाजाचे भय कसे दूर होणार, ही शंका म्हणूनच स्वाभाविक ठरते.

या वचनातील मूळ हिब्रू शब्द ‘आल्मा’ हा ‘विवाहयोग्य तरुणी’ एवढाच अर्थ सांगतो. १९४७ मध्ये कुमरानच्या गुहांतून मिळालेल्या यशयाच्या प्राचीन गुंडाळीतही तोच शब्द आहे. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरात मात्र त्यासाठी ‘पार्थेनोस’ हा शब्द आला. त्याचा रूढ अर्थ ‘अक्षत कन्या’ असा आहे. मत्तयाने ग्रीक पाठाचा आधार घेतला. मराठीतील ‘कुमारी’ हा शब्द या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो अविवाहित मुलीलाही लागू पडतो आणि कौमार्याचाही निर्देश करतो. मराठी वाचकाला हा वाद सहसा जाणवत नाही, याचे एक कारण आपल्या भाषेच्या या सोयीत असावे.

या तपशिलाचा उपयोग दोन प्रकारे केला जातो. मंडनकर्ता भाकिते व घटना यांची जंत्री करतो आणि इतके योग जुळले म्हणून श्रद्धा सिद्ध झाली, असे मानतो. खंडनकर्ता एक एक योग खोडून काढतो आणि श्रद्धा कोसळली, असे जाहीर करतो. वस्तुतः दोघांचे गृहीतक एकच आहे. दोघेही संदेष्ट्याला जातक पाहणारा ज्योतिषी समजतात. ज्योतिषी काय घडेल ते सांगतो. संदेष्टा मात्र देव कोणाचा कैवार घेईल ते सांगतो. पहिले विधान खरे किंवा खोटे ठरते. दुसरे वचन असते आणि वचन पाळले जाते किंवा मोडले जाते. पाळलेले वचन तेथेच संपत नाही, ते देणाऱ्यावरचा विश्वास पुढील पिढीकडे सोपवते.

मत्तयाची वाचनपद्धती

मराठी वाचकाला येथे कंसाची कथा आठवणे साहजिक आहे. देवकीचा आठवा पुत्र तुझा वध करील, अशी आकाशवाणी होते. ती कंस ऐकतो आणि पुढील सर्व कथा त्या श्रवणातून चालते. मत्तयाच्या शुभवर्तमानातही भयग्रस्त राजा आहे आणि बालहत्या आहे. परंतु भाकिताचे कार्य येथे निराळे आहे. पहिल्या दोन अध्यायांत ‘हे वचन पूर्ण झाले’ अशा आशयाचे निवेदन वारंवार येते. हे शब्द कथेतील पात्रांच्या कानी पडत नाहीत, निवेदक ते वाचकाला सांगतो. योसेफ स्वप्नातील आज्ञा पाळतो, भाकीत पूर्ण करण्यासाठी तो काही करीत नाही. घडून गेलेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहताना मत्तयाला जुनी वचने नव्या अर्थाने उजळलेली दिसतात.

म्हणूनच होशेयातील ‘मिसर देशातून बोलावलेला पुत्र’ (११:१) हा मुळात निर्गमनातील इस्राएल असूनही मत्तय त्याचा संबंध बाल येशूशी जोडतो. रामा येथे आपल्या मुलांसाठी आक्रंदणाऱ्या राहेलीचे यिर्मयातील चित्र (३१:१५) तो बेथलेहेमच्या मातांना लावतो. त्याला नासोरी म्हणतील, असे जे वचन तो संदेष्ट्यांच्या नावे देतो (२:२३), ते तर जुन्या करारात त्या शब्दांत कोठेच आढळत नाही. मत्तयाला योगांची जंत्री करावयाची असती, तर त्याने इतकी निसटती उदाहरणे निवडली नसती. इस्राएलाने जे भोगले ते सर्व या एका बालकाच्या आयुष्यात पुन्हा जगले जात आहे, असे त्याला सांगावयाचे आहे.

एकाच ठिकाणी भाकीत पात्रांच्या तोंडी येते. हेरोद विचारतो, मशीहा कोठे जन्मावयाचा? याजक व शास्त्री मीखाचा आधार देऊन अचूक उत्तर देतात : बेथलेहेमात. यरुशलेमपासून बेथलेहेम अवघ्या आठ-नऊ किलोमीटरांवर आहे. तरीही उत्तर देणाऱ्यांपैकी कोणी तेथे गेल्याचे मत्तय सांगत नाही. जातात ते परदेशी मागी लोक. भाकिताचे ज्ञान आणि वचनावरची निष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शुभवर्तमानकाराने यापरते स्पष्ट करण्याची गरज नव्हती.

पैले पुराण : प्रतीक्षेचे काव्य

या पार्श्वभूमीवर स्टीफन्स यांची रचना पाहावी. काव्याचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ ३६ अवस्वरांचे असून त्यात सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन, अब्राहाम, मोशे, दाविद व संदेष्टे यांचा वृत्तांत येतो. ‘दुसरे पुराण’ ५९ अवस्वरांचे असून त्यात येशूचा जन्म, कार्य, मरण व पुनरुत्थान यांचे कथन आहे. म्हणजे एकूण रचनेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग नायकाच्या जन्मापूर्वीच खर्ची पडला आहे. रचनादृष्ट्या याला पाल्हाळ म्हणता येईल. परंतु आगमन हाच विषय असेल, तर प्रतीक्षा ही प्रस्तावना राहत नाही, ती विषयाचा अर्धा भाग ठरते. वाट पाहण्याचा अनुभव न घेतलेल्या श्रोत्याला बेथलेहेमचा जन्म म्हणजे निव्वळ एक चमत्कार वाटेल. ज्याने तो घेतला आहे, त्याला तोच जन्म पाळलेले वचन वाटेल.

या प्रतीक्षेला सासष्टीच्या श्रोत्यांच्या दृष्टीने आणखी एक अर्थ होता. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायासन स्थापन झाले होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रक्तपात झाला होता. नवख्रिस्ती समाजाला आपली जुनी पुराणे सोडावी लागली होती आणि त्यांची उणीव काव्याच्या प्रारंभी श्रोत्यांच्याच मुखातून व्यक्त होते. पूर्वजांपासून तुटलेल्या या समाजाला स्टीफन्स यांनी ओवीच्या ओळखीच्या चालीत नवी वंशावळ दिली. स्वर्गाला वैकुंठ म्हणणाऱ्या या कवीने अब्राहाम व दाविद यांनाही श्रोत्यांच्या घरातील वडीलधारे केले. हे सांस्कृतिक औदार्य होते, तसेच ते हिरावून घेतलेल्या वस्तूची भरपाईही होते. या दोहोंपैकी एकच बाजू सांगणे हे समीक्षकाच्या प्रामाणिकपणाला धरून होणार नाही.

अपूर्ण राहिलेले वचन

भाकिताच्या या वाचनाला एक गंभीर मर्यादा आहे. जुना करार हा सर्वप्रथम यहुदी लोकांचा पवित्र ग्रंथ आहे. आपल्या हाती किल्ली आली, असे मानणाऱ्या ख्रिस्ती जगाने मूळ घरमालकालाच आंधळे ठरवले आणि त्याचे परिणाम युरोपात शतकानुशतके रक्तरंजित झाले. स्टीफन्स यांचे काव्य आपल्या काळाच्या या दृष्टीपलीकडे जाईल, अशी अपेक्षा करता येत नाही. पुढे १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मरणाचा सरसकट दोष यहुद्यांवर ठेवण्याचे नाकारले. २००१ मध्ये पोपच्या बायबलविषयक आयोगाने यहुदी वाचन हेही एक शक्य वाचन असल्याचे आणि यहुद्यांची मशीहाची प्रतीक्षा व्यर्थ नसल्याचे मान्य केले.

या भूमिकेमागे खुद्द यशयाच आहे. तलवारींचे फाळ होतील (२:४), लांडगा कोकराजवळ राहील (११:६), ही वचनेही त्याचीच आहेत. जग अद्याप तसे झालेले नाही, हा यहुदी आक्षेप रास्त आहे. ख्रिस्ती श्रद्धा त्यावर पुनरागमनाचे उत्तर देते. परंतु त्या उत्तराचाच अर्थ असा की, ख्रिस्ती माणूसही अजून वाट पाहत आहे. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात चर्च हीच प्रतीक्षा दरवर्षी नव्याने जगते.

निष्कर्ष

मशीहाच्या जन्माचे भाकीत हे ख्रिस्ती श्रद्धेसाठी जिंकलेल्या खटल्यातील पुरावा नव्हे. मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी ‘देव आमच्यासह’ हे नाव देतो आणि अखेरीस येशूच्या मुखी ‘मी सदैव तुमच्याबरोबर आहे’ अशा आशयाचे अभिवचन घालतो. भाकिताचा अर्थ या दोन टोकांच्या मधल्या सोबतीत आहे. स्टीफन्स यांनी आपल्या काव्याला ‘आगमना’चे नाव दिले आणि जन्मापूर्वीची प्रतीक्षा ३६ अवस्वर गायिली, यातच त्यांची धर्मदृष्टी व काव्यदृष्टी एकरूप झाली आहे. त्यांनी केलेल्या भाषास्तुतीबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहेच. ज्या कथेसाठी त्यांनी ही भाषा निवडली, ती कथाही आता समग्र वाचली गेली पाहिजे.