काळ्या पुडीचं नाव कशावरून?

रसायनशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. पण चुंबकीय लोह-ऑक्साइडाचे सूक्ष्म कण तयार करण्यावरचे शोधनिबंध आम्ही वाचत असतो आणि त्यांतलं एक विधान आम्हाला खटकतं: शुद्ध मॅग्नेटाइट मिळालं. कशावरून, हे विचारणं मात्र आमच्या प्रांतात येतं.

कृती सोपी. फेरिक आणि फेरस क्लोराइड २:१ प्रमाणात पाण्यात विरघळवायचं, नायट्रोजन सोडत ठेवायचा, अमोनिया घालायचा. लगेच काळाकुट्ट साका. बाहेरून चुंबक लावून तो धरायचा, पाणी ओतून द्यायचं. इथवर भांडण नाही. पण मग, आता बघा, तोच साका पुष्कळदा साध्या ओव्हनमध्ये, हवेत वाळवतात! मॅग्नेटाइटमधलं फेरस लोह हवेने फेरिक होत जातं आणि मॅघेमाइट तयार होतं. कण १० नॅनोमीटरचा असला की हे फार सहज घडतं. नायट्रोजनने राखलं ते ओव्हनने घालवलं.

यावर म्हणतात, क्ष-किरणांचा आलेख जुळतोय की. जुळणारच! दोघांची स्फटिकरचना एकाच घराण्यातली. घनाची बाजू एकाची ८.४०, दुसऱ्याची ८.३५ अँगस्ट्रॉमच्या आसपास. बारीक कणांमुळे आलेखातले उंचवटे पसरतात, त्यात हा फरक बुडतो. आपल्या न्यायशास्त्रात याला अनैकान्तिक हेतू म्हणतात. धुरावरून अग्नी ठरतो, अग्नीवरून धूर ठरत नाही. मोसबाउअर वर्णपटाची साक्ष काढली तर फेरस लोह आहे की नाही ते कळतं. ती काढणारे थोडे.

हा शब्दच्छल नव्हे. सांडपाण्यातला रंग हायड्रोजन पेरॉक्साइडने घालवायला ही पूड वापरतात आणि श्रेय देतात मॅग्नेटाइटमधल्या फेरस लोहाला. पूड मॅघेमाइट झाली असेल तर रंग कदाचित जाईलही, पण दिलेलं कारण उरत नाही. पुढे कणांवर सिलिकाचा थर, त्यावर अमिनो गट, याचं वर्णन अगदी बारकाईने. थरामुळे ऑक्सिडीकरण रोखलं जातं, हेही लिहितात. थर चढण्याआधी पूड किती दिवस बाटलीत पडून होती, ते नाही लिहीत.

गंमत म्हणजे ज्यांच्या १९८१च्या निबंधाचा हवाला देतात, त्या रने मासार यांच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत कण फेरिक नायट्रेटबरोबर उकळून मुद्दाम मॅघेमाइट करतात, आणि त्याला मॅघेमाइटच म्हणतात. ज्यांना ठरवता येत नाही त्यांनी दोन्ही नावं जोडून लिहावीत. काही जण लिहितातही, पण आत कुठेतरी. शीर्षकात पुन्हा मॅग्नेटाइट.