वीस डेसिबलांची शांतता

‘एवढा महागाचा कॅमेरा, आणि याला माइक थेट लावता येत नाही?’ ॲरी ॲलेक्सा पहिल्यांदा हाताळणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. म्युनिकच्या ॲरी कंपनीने २०१० मध्ये आणलेल्या या कॅमेऱ्यात बाहेरचा आवाज घ्यायला मोजून एक पाच पिनांचे एक्सएलआर सॉकेट आहे, आणि तेही फक्त लाइन पातळीचा सिग्नल घेते. याउलट कितीतरी स्वस्त असलेल्या ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के प्रोला दोन मिनी एक्सएलआर, ४८ व्होल्टांची फँटम पॉवर आणि वर ३.५ मिलिमीटरचा साधा जॅकसुद्धा. भोके मोजून भाव करायचा, तर ॲलेक्सा घेणारा सरळसरळ फसला!

पण ते एकुलते सॉकेट जरा निरखून पाहा. पाच पिनांपैकी एक अर्थिंगची. उरलेल्या चारांच्या दोन जोड्या, एक डावीकडच्या आवाजाची, एक उजवीकडच्या. जोडीतल्या दोन्ही तारांतून एकच आवाज जातो, पण उलटसुलट होऊन. वाटेत दिव्यांच्या केबलींची गुणगुण चिकटली, तर ती दोघींना सारखीच चिकटते. पोचल्यावर एकीला पुन्हा उलटवून दोन्ही एकत्र केल्या, की संवाद दुणावतो आणि गुणगुण आपसांत फिटते. इतकी सुबक युक्ती एका बोटभर सॉकेटात बसली आहे.

मग माइकच का नाही? माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टांचा, लाइनचा साधारण एका व्होल्टाच्या घरातला. त्या नाजूक सिग्नलला वाढवणारा प्रीॲम्प ॲलेक्साने आपल्या पोटात घेतलेलाच नाही. ते काम सेटवरच्या साउंड रेकॉर्डिस्टचे, त्याच्या मिक्सरचे. कॅमेऱ्याकडे येतो तो मिक्सरमधून निघालेला तयार आवाज, बहुधा संकलकाला आधार म्हणून. शेजारच्या टाइमकोडच्या सॉकेटातून तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम जुळतात, म्हणजे वेगळा ध्वनिमुद्रित झालेला आवाज पुढे चित्रावर चपखल बसतो. पॉकेट एकट्यादुकट्या माणसासाठी घडवलेला आहे, म्हणून त्याने सगळे अंगावर घेतले. ॲलेक्साने मात्र बूम धरणारे हात आणि हेडफोन लावलेले कान शेजारी आहेत असे धरूनच आपले अंग कोरले.

आवाजाला या कॅमेऱ्याने दिलेली खरी देणगी सॉकेटात नाहीच. ती तपशिलाच्या तक्त्यात एका ओळीत आहे: सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने चालताना याचा स्वतःचा आवाज २० डेसिबलांहून कमी. टेक चालू असताना पंखा मंद ठेवायचीही सोय आहे. पुटपुटलेला शब्द, गिळलेला हुंदका आपल्या घरघरीत बुडू नये, एवढ्यासाठी ही खटपट.

याची किंमत आपल्याला जास्त कळावी. साठच्या दशकापासून आपल्याकडच्या चित्रपटांत सर्रास वापरला गेलेला ॲरिफ्लेक्स २सी हा कॅमेराही ॲरीचाच. हलका, काटक आणि भलताच खडखडणारा. त्या खडखडाटात संवाद टिपणे कठीण, म्हणून नटांच्या पिढ्या नंतर डबिंगच्या काचेआड उभ्या राहून आपलेच रडणे पुन्हा रडल्या. २००१ च्या ‘लगान’मध्ये संवाद चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्याची एवढी चर्चा झाली ती उगाच नव्हे. ज्या घराण्याच्या कॅमेऱ्याने नटाचा मूळ स्वर आपल्या पडद्यावरून हटवला, त्याच घराण्याचा हा नवा वारस टेकच्या वेळी आपला श्वाससुद्धा आवरतो.

म्हणून कॅमेरा निवडताना सॉकेटे जरूर मोजा. एकट्याने काम करणार असाल, तर पॉकेटच घ्या आणि पैसे वाचवा. साउंड रेकॉर्डिस्ट सोबत असेल, तर मात्र कॅमेरा चालू करा, खोलीची दारे लावून घ्या आणि मिनिटभर गप्प बसून ऐका.