शब्द आणि सेवा : दोन मराठी बायबलांच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवलीत रविवारच्या मिस्साबलिदानानंतर काही मंडळी एकत्र बसून गरजू कुटुंबांसाठी धान्य आणि औषधे यांची यादी करीत होती. त्याच बैठकीत बायबल-वाचनाचा एक वर्ग सुरू करावा, अशी सूचना कोणी तरी मांडली. त्यावर सेवाकार्यात वर्षानुवर्षे झिजलेले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “वाचायला वेळ कुठे आहे? आम्ही बायबल वाचत नाही, जगतो.” सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. पहाटेची लोकल गाठून रात्री घरी परतणाऱ्या माणसाने आठवड्यातला एकुलता एक मोकळा दिवस दुसऱ्यासाठी द्यावा, याहून पवित्र शास्त्रावरचे मोठे भाष्य ते कोणते, असे तेव्हा वाटले.

आज ते वाक्य आम्हाला पटत नाही. त्या गृहस्थांच्या सेवेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्या वाक्याने दोन गोष्टींची जी फारकत केली, ती पवित्र शास्त्राला मान्य नाही, असे आमचे मत झाले आहे. हे मत मराठीतील दोन बायबलांच्या वाचनातून बनले. एक पंडिता रमाबाईंचे आणि दुसरे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. या दोन ग्रंथांची येथे तुलना करावयाची आहे, ती भाषांतराच्या बारकाव्यांसाठी नव्हे. सेवा करणाऱ्याने शास्त्राशी एकनिष्ठ राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाला या दोघांनी आपल्या लेखणीने उत्तर दिले आहे आणि ती दोन्ही उत्तरे तपासून पाहण्याजोगी आहेत.

प्रथम शास्त्राचेच म्हणणे पाहू. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आद्य ख्रिस्तसभेतील एक कुरबूर नोंदलेली आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दररोजच्या अन्नवाटपात दुर्लक्ष होते, अशी ती तक्रार होती. प्रेषितांनी शिष्यांकडून सात जणांची निवड करवून त्यांच्याकडे पंक्तीची व्यवस्था सोपविली आणि स्वतः प्रार्थना व वचन यांना वाहून घेतले. हा उतारा वाचून आपण सहसा असा निष्कर्ष काढतो की, येथे कामाची वाटणी झाली. काहींनी वाढावे, काहींनी शिकवावे. मूळ ग्रीक मजकूर मात्र या निष्कर्षाला आडवा येतो. अन्नवाटपासाठी तेथे जो शब्द आहे, तोच वचनाच्या कार्यासाठीही आहे : दियाकोनिया, म्हणजे सेवा. लूकच्या शुभवर्तमानात मार्था ज्या कामाने कावून गेली आहे, तेथेही हाच शब्द येतो. ताटात वाढणे आणि वचन वाढणे या दोन्ही क्रियांना लूक एकाच नावाने हाक मारतो. भाषांतरात एका ठिकाणी ‘वाटप’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सेवा’ असे वेगळे शब्द आले की हे नाते वाचकाच्या नजरेआड होते.

पुढची हकीकतही विचार करायला लावणारी आहे. पंक्तीसाठी निवडलेल्या सातांपैकी स्तेफनाने जे प्रदीर्घ भाषण केले, ते अब्राहामापासून सुरू होणारे शास्त्राचे विवरणच आहे आणि त्यासाठी त्याने प्राण दिले. फिलिप्पाला वाटेत इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया वाचताना भेटला. वाचलेले समजते का, असे त्याने विचारले आणि तो त्याच्या शेजारी जाऊन बसला. वाढप्याच्या कामासाठी नेमलेली ही माणसे वचनाचे सेवक झाली. पंक्तीत वाढणाऱ्याला शास्त्र वाचायला वेळ नसतो, हे निदान या दोघांना तरी ठाऊक नव्हते.

आता रमाबाईंकडे वळू. आम्हा डोंबिवलीकरांना त्या अगदीच दूरच्या नाहीत. शेजारच्या कल्याणातील जोशी घराण्याच्या कन्या डॉ. आनंदीबाई या त्यांच्या नात्यातल्या. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या होत्या. कॅथोलिक वाचकाला त्या पंथाच्या दृष्टीने परक्या वाटण्याचा संभव आहे. १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन पंथात, आणि पुढे कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या पुरत्या मावल्या नाहीत. आपण मानतो त्या ७३ पुस्तकांपैकी प्रॉटेस्टंट परंपरेतील ६६ पुस्तकेच त्यांच्या बायबलात आहेत. ही मर्यादा ध्यानात ठेवूनही त्यांचे ऋण आपल्याला मान्य करावे लागेल.

रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत एक प्रसंग सांगितला आहे. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी धर्मभगिनींनी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना इतक्या मायेने वागविणारे कोणी असू शकते, याचे त्यांना नवल वाटले. हे कशामुळे घडते, असे विचारताच एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. येथील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सेवा दिसली, मग तिचे कारण विचारले गेले आणि उत्तरादाखल शास्त्र उघडले गेले. त्या भगिनीने ‘आम्ही वाचत नाही, जगतो’ असे म्हटले असते, तर रमाबाई एक चांगली संस्था पाहून परतल्या असत्या. त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, जी आम्हा दानशूरांच्या सहसा ध्यानात येत नाही. त्या विहिरीवर प्रभू येशू देणारा म्हणून आरंभ करीत नाही. तहानलेला होऊन तो त्या स्त्रीजवळ पाणी मागतो. ज्याची सेवा करायची त्याच्यापुढे आधी याचक व्हावे लागते, ही गोष्ट धान्याच्या यादीत कोठेही लिहिलेली नसते. ती शास्त्रातच सापडते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे शेती होती, विणकाम होते, शाळा होती आणि छापखानाही होता. मुक्तीतील स्त्रियाच खिळे जुळवीत आणि छपाई करीत. याच आवारात, शेकडो जणींच्या अन्नवस्त्राची चिंता वाहत असताना, रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलाचे त्यांनी मराठी भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. एकट्या स्त्रीने बायबलाचे भाषांतर केल्याचे जगातील हे एकमेव उदाहरण, असे कधी कधी लिहिले जाते. ते खरे नाही. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ सालचे आहे. मात्र दुष्काळपीडितांचे स्वयंपाकघर एका हाताने सांभाळून दुसऱ्या हाताने केलेले असे काम आमच्या माहितीत दुसरे नाही.

या भाषांतराचे मूल्यमापन करताना भीड बाळगण्याचे कारण नाही. बालपणापासून संस्कृतात वाढलेल्या, कोलकात्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ म्हणून गौरविलेल्या या स्त्रीने आपली विद्वत्ता जाणूनबुजून बाजूला ठेवली. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते कळत नाही, ही त्यांची पहिली तक्रार होती. हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले शब्द वापरल्यास मूळ आशय बदलतो, ही दुसरी. म्हणून त्यांनी साधे शब्द घेतले आणि मूळ भाषेच्या रचनेला त्या घट्ट धरून राहिल्या. याची किंमत त्यांना मोजावी लागली. कित्येक ठिकाणी वाक्य मराठीच्या वळणाने चालत नाही, अडखळते. मुक्तीबाहेर हे बायबल फारसे रूढ झाले नाही.

त्यांचा दुसरा आग्रह आम्हाला पूर्णपणे मान्य नाही. त्यांच्याआधी तीनशे वर्षे, १६१६ साली, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे योजला. श्रोत्यांच्या कानाला ओळखीचा असलेला शब्द घ्यावा आणि त्यात नवा अर्थ भरावा, ही त्यांची वाट. जुन्या शब्दाबरोबर जुना अर्थही घरात शिरेल, हे रमाबाईंचे भय. ‘ख्रिस्तपुराण’ लोकांनी पिढ्यान्पिढ्या गाइले, यावरून स्टीफन्स यांची वाट मराठी मनाला अधिक मानवली असे दिसते. पण रमाबाईंच्या पहिल्या आग्रहापुढे आम्ही नतमस्तक आहोत. भाषांतर करताना त्यांच्या डोळ्यांसमोर विद्वानांची सभा नव्हती. मुक्तीच्या ओसरीवर बसून अक्षरे गिरविणारी बाई होती. शब्दाशी त्यांनी राखलेली निष्ठा आणि त्या बाईशी राखलेली निष्ठा या दोन वेगळ्या निष्ठा नव्हत्या. हेच त्यांच्या ग्रंथाचे मोठेपण.

फादर दिब्रिटो यांनी वेगळा मार्ग पत्करला. वसईतील नंदाखाल येथे जन्मलेले, १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’चे संपादक असलेले फादर चर्चच्या चार भिंतींत राहिले नाहीत. वसईची जमीन, पाणी आणि हिरवाई वाचविण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे त्यांनी नेतृत्व केले. दडपशाहीच्या त्या काळात ते मुळीच सोपे नव्हते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबाद येथील संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या निवडीवर आक्षेपही घेतले गेले. त्यांनी ते शांतपणे सोसले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

‘सुबोध बायबल’ची मराठी वाहती आहे. पुस्तकांची पार्श्वभूमी व टीपा यांमुळे ख्रिस्तेतर वाचकालाही त्यात प्रवेश मिळतो. मराठी साहित्याच्या घरात बायबल पाहुणे म्हणून येत असे. ते घरचे व्हावे, अशी त्यामागील तळमळ दिसते. तरीही अशा ग्रंथाबरोबर एक धोका येतो आणि तो लेखकापेक्षा आम्हा वाचकांनी ओळखावा. भाषा सुबोध झाली म्हणजे वचन सोपे झाले, असे नाही. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा कितीही प्रासादिक मराठीत आली तरी ती बोचलीच पाहिजे. वाक्याच्या गोडव्यात ती बोच विरून गेली, तर दोष आपल्या वाचनाचा. ते वचन फादरांना बोचत होते, याचा पुरावा वसईच्या चळवळीत मिळतो. सृष्टी ही देवाची आणि माणूस तिचा राखणदार, हे उत्पत्तीच्या पुस्तकात वाचून थांबणे त्यांना शक्य झाले नाही.

रमाबाई आणि दिब्रिटो यांच्या भाषांतरपद्धती परस्परविरुद्ध आहेत. एक अक्षराला चिकटून राहते, दुसरी आशयाला मोकळे वाहू देते. असे असूनही दोघांनाही आम्ही शास्त्राशी एकनिष्ठ म्हणतो; कारण वचनाने त्यांना माणसांकडे धाडले आणि माणसांनी त्यांना पुन्हा वचनाकडे पाठविले. हे येणेजाणे त्यांच्या आयुष्यात कधी थांबले नाही. आमच्या मते शास्त्रनिष्ठेची कसोटी हीच. नुसते पाठांतर ही निष्ठा नव्हे. अरण्यात मोहात पाडणाऱ्या सैतानालाही शास्त्र मुखोद्गत होते. जखमी माणसाला वळसा घालून गेलेला याजक आणि लेवी हे दोघेही शास्त्राचे जाणकारच होते. दुसऱ्या बाजूला, नुसती सेवा हीही निष्ठा नव्हे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील नीतिमान लोक न्यायाच्या दिवशी चकित होऊन विचारतात की, आम्ही तुला केव्हा भुकेला पाहिले? आपण वचन जगलो, हे त्यांना ठाऊकही नव्हते. ‘आम्ही जगतो’ असे स्वतःच जाहीर करणाऱ्याला ते चकित होणे कसे लाभणार?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील आपल्या प्रबंधात पवित्र शास्त्राचे द्वार सर्व श्रद्धावंतांना सताड उघडे असावे, असा आग्रह धरला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्य काळातील तिसरा रविवार देवाच्या वचनासाठी राखून ठेवला. दार उघडे आहे. आत जाण्याचे काम आपले.

डोंबिवलीतील कॅथोलिक कुटुंबांची मूळ गावे विचारली, तर उत्तरे वसईपासून मंगळूरपर्यंत आणि गोव्यापासून केरळपर्यंत पसरतात. मुले इंग्रजी शाळांत जातात. आजीची प्रार्थना मराठीत वा कोकणीत असते. अशा गावात प्रेषितांच्या कृत्यांतील तो सहावा अध्याय कालचाच वाटतो. यरुशलेमेत उपेक्षा झाली होती ती वेगळी भाषा बोलणाऱ्या विधवांची. जाणूनबुजून कोणी त्यांना वगळले, असे लूक म्हणत नाही. वाढणाऱ्यांची नजर त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती, एवढे मात्र दिसते.

त्या दिवशी आमच्या यादीत बहुतेक नावे ओळखीच्यांची आणि ओळखीच्यांनी सुचविलेल्यांची होती. भाषा न जुळल्यामुळे चर्चच्या मागच्या बाकावर एकटी बसणारी कोणी त्या यादीत होती का, हे आम्ही विचारले नाही. विचारावे, असे सुचलेही नाही. कारण हा प्रश्न ज्या पानावर आहे, ते पान आम्ही उघडलेच नव्हते. पुढच्या वेळी यादी करण्यापूर्वी तो एक अध्याय मोठ्याने वाचावा, मराठीत वाचावा, आणि मगच पहिले नाव लिहावे, एवढीच आमची सूचना आहे. त्याला दहा मिनिटेही लागणार नाहीत.