कत्तलीचा जमाखर्च

‘एज ऑफ एम्पायर्स २’ मन लावून खेळलेल्यांना ही युक्ती वेगळी शिकवावी लागत नाही. लोकसंख्येची मर्यादा २००. त्यातले शंभरेक गावकरी लाकडं तोडून, शेतं कसून, सोनं खणून राज्य उभं करतात. शेवटच्या लढाईला घोडदळ कमी पडतंय असं दिसलं की खेळाडू त्यातले वीस-तीस जण निवडतो आणि डिलीटचं बटण दाबतो. माणसं जागच्या जागी कोसळतात, जागा मोकळी होते, तबेल्यातून तेवढेच स्वार बाहेर पडतात. १९९९चा हा गेम पुण्यातल्या सायबर कॅफेंमध्ये लॅनवर पोटभर खेळला गेला. आपण आपलीच रयत मारतोय असं तेव्हा मनात आल्याचं सांगणारा एकही जण मला अजून भेटलेला नाही. गेमनेही कधी विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत मध्ययुगीन रणनीतीचे गेम पुष्कळ सुधारले. नकाशे देखणे झाले, घराण्यांच्या वंशावळी आल्या, आणि क्रूर निर्णय हा खेळाचा गाभाच बनला. पण क्रूरता खेळात असणं आणि खेळाला क्रूरतेबद्दल काही कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट या कलेला अजून अर्धीमुर्धीच जमली आहे.

‘मेडिव्हल २: टोटल वॉर’ (२००६) घ्या. शहर पडलं की तीन पर्याय समोर येतात: ताबा घ्या, लुटा किंवा कापून काढा. कैद्यांचंही तसंच: सोडा, खंडणी घ्या, मारा. दिसायला हा नैतिक पेच. पण आतलं गणित पाहा. शहरातल्या अशांततेचं एक मोठं कारण लोकसंख्या. कत्तल केली की लोकसंख्या घटते, म्हणून शहर शांत राहतं. याआधीच्या ‘रोम: टोटल वॉर’मध्ये (२००४) तर मुरलेले खेळाडू स्वतःचंच गजबजलेलं शहर मुद्दाम बंडाला सोडून देत, पुन्हा जिंकत आणि मग कापून काढत. स्वच्छतेचा प्रश्न मिटायचा! ‘मेडिव्हल २’मध्ये सेनापतीच्या नावाला ‘दरारा’ चिकटे, पण तोही रणांगणावर उपयोगीच पडे. ज्या पापाचा प्रत्येक परिणाम फायद्याचा, त्याला पेच कशाला म्हणायचं?

त्या मानाने २००१चा ‘स्ट्राँगहोल्ड’ ओबडधोबड, पण जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे किल्ल्यात बागा लावता येतात किंवा फाशीचे खांब उभारता येतात. खांब उभारले की मजूर घाबरून जास्त राबतात, पण सैनिक वाईट लढतात. हिशेब साधाच आहे. मात्र तो खांब तुम्हाला तुमच्याच चौकात, कोठाराशेजारी जागा बघून रोवावा लागतो, आणि पुढचा सगळा वेळ तो तुमच्या डोळ्यांसमोर राहतो.

आज या प्रांतातला सर्वांत महत्त्वाचा गेम म्हणजे स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सचा ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०). तो खेळणारी पोरं बघायला मी ताथवड्याला एका ओळखीच्या फ्लॅटवर जाऊन बसलो. (इतिहासवाल्यांना ताथवडे म्हटलं की फलटणकडचं, संतोषगडाच्या पायथ्याचं गाव आठवतं. हे ते नव्हे. हे हिंजवडीला खेटलेलं, २००९मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं ताथवडे. इंजिनीअरिंग आणि एमबीएच्या कॉलेजांमुळे पीजी आणि मेसनी भरलेलं.) गेममध्ये इसवी सन ८६७पासून राष्ट्रकूटांचं राज्य घेता येतं. ही मंडळी तिसऱ्या पिढीत पोहोचली होती. राजा म्हातारा, मुलं तीन, आणि वारसाहक्काचा नियम वाटणीचा. बाप गेला की राज्याचे तुकडे.

“धाकट्याला आघाडीवर पाठव ना भावा,” मागे बसलेला म्हणाला. “मेला तर मेला. खुनाचा डाग तरी लागत नाही.”

खेळणाऱ्याने आधी एका बंडखोर सरदाराचं डोकं उडवायचं ठरवलं. बटणावर कर्सर नेताच सूचना आली: राजा स्वभावाने कनवाळू, मनावरचा ताण वाढेल. “नको, याला झेपणार नाही. हा मरू दे, पुढचा क्रूर आहे, त्याच्या हातून उडवू,” असं म्हणून त्याने कैदी तळघरातच ठेवला. चर्चा संपली.

ही ताणाची कल्पना या कलेतली खरी झेप आहे, हे आधी मान्य करायला हवं. स्वभावाविरुद्ध वागलं की ताण साठतो, साठत गेला की राजा कोलमडतो, दारूला लागतो किंवा स्वतःला फटके मारून घेऊ लागतो. क्रूरतेचं बिल पहिल्यांदाच कर्त्याच्या नावावर फाटलं. पण त्या खोलीत मला तिची मर्यादाही दिसली. सदसद्विवेक राजाला आहे, खेळाडूला नाही. तो राजाच्या मनाबद्दल तिऱ्हाइतासारखा बोलतो, आणि ते मन आडवं आलं की राजा बदलण्याची वाट पाहतो. सॅडिस्ट स्वभावाच्या राजाचा ताण तर कैदी मारून उतरतो! म्हणजे पुन्हा फायदाच. खेळ वर्षानुवर्षांचा, घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं, पण पश्चात्ताप एका आयुष्यापुरता. वारसाच्या अंगावर तो उतरत नाही.

याच राष्ट्रकूटांच्या अमोघवर्षाबद्दल ८७१ सालच्या संजाणच्या ताम्रपटात एक गोष्ट आहे. लोकांवरचं अरिष्ट टळावं म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला अर्पण केलं. ताम्रपट राजाची स्तुतीच करणार, हे धरून चाला. तरी त्या स्तुतीत राजा रयतेसाठी स्वतःच्या शरीरातून किंमत देतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे. गेममध्ये किंमत द्यायची ती सोन्यात, कीर्तीत किंवा दुसऱ्याच्या मानेत.

आणि उलट बाजूही आपल्याकडे आहेच. ‘क्रुसेडर किंग्ज’ मालिकेत कैद्याचे डोळे काढण्याचा पर्याय मुख्यतः बायझंटाइन परंपरेच्या राजांना राखीव. जणू हा तिकडचाच रिवाज. पण देवगिरीत १२७१च्या सुमारास रामचंद्र यादवाने चुलतभाऊ आम्मणाकडून गादी घेतली. पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटानुसार त्याची माणसं नटांच्या वेषात किल्ल्यात शिरली; आम्मणाचे डोळे काढल्याचं महानुभावांच्या परंपरेत सांगितलं जातं. ज्ञानेश्वरी ज्याच्या राज्यात लिहिली गेली तो हाच रामदेवराव. भारत नकाशावर आणायचा आणि भारतीय राजांना सौम्य ठेवायचं, हा एक प्रकारचा आळसच. भाऊबंदकी आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही.

आपल्याच सत्ताधाऱ्यांची क्रूरता दाखवण्याचं काम मराठी नाटकाने फार आधी केलंय. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) मध्ये नाना फडणवीस स्वतः कुणावर हात उगारत नाही. तो घाशीरामला कोतवाली देतो, शहर त्याच्या हाती सोपवतो आणि लोक पेटले की त्यालाच लोकांच्या तोंडी देतो. इटलीतल्या चेझारे बोर्जानेही आपल्या क्रूर कारभाऱ्याचं चेझेनाच्या चौकात हेच केलं होतं; मॅकियाव्हेलीने ते कौतुकाने नोंदवलंय. सत्तेतली क्रूरता बहुतेक वेळा अशीच, दुसऱ्याच्या हातून होते. गेममध्ये मात्र सगळे हुकूम तुम्हीच सोडता, आणि ज्याच्यावर ढकलावं असा कोतवाल नसतो. त्यामुळे खेळाडू क्रूर होतो, पण लबाड होत नाही. हे फारच निष्पाप चित्र आहे.

मराठ्यांचं काय? मध्ययुग ओलांडून थोडं पुढे आलं तर ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये (२००९) १७००पासून मराठे घेऊन खेळता येतं. शत्रूच्या मुलखात फौज नेऊन शेतं, गावं जाळता येतात; त्याला ती पैसे टाकून दुरुस्त करावी लागतात. दुरुस्त! नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२पासून १७५१पर्यंत बंगालवर जात राहिल्या. तिकडे ‘बर्गी’ म्हटल्या जाणाऱ्या या स्वारांच्या धास्तीचं गाणं तिकडच्या आया आजही अंगाईत गातात, आणि गंगारामाने १७५१च्या सुमारास त्यावर ‘महाराष्ट्रपुराण’ रचलं. मराठी खेळाडू ती गावं जाळेल तेव्हा त्याला ‘बर्गी’ हा शब्द ऐकू यावा, असा गेम कोण करणार? पुण्यात गेम करणारे आहेत. नॉडिंग हेड्सने ‘राजी’ (२०२०) केला, तो पुराणकथांच्या जगातला. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ भविष्यात घडतो. मधल्या शतकांतले राजे सगळेच टाळतात. दोष त्यांचा नाही. इथे शिवकाळाला हात लावायचा तर मोर्चाची तयारी ठेवावी लागते, आणि जावळीच्या मोऱ्यांचा प्रसंग खेळाडूच्या हाती निवडीसाठी देण्याचं धाडस मीही कुणाला सुचवणार नाही.

पण एक कागद आहे, ज्यावरून कुणाचं मन दुखणार नाही. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच लष्कराला लिहिलेलं पत्र. त्यात शत्रू जवळपास नाहीच. आहे तो दाणा, वैरण आणि पावसाळ्यापर्यंत उरलेले दिवस. आता उधळलंत तर पावसात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांकडून ओरबाडाल, आणि लोकांना मोगल बरे वाटतील, असा सरळ हिशेब. पुढे तंबाखूची ठिणगी, रात्री जळत राहिलेला दिवा, त्याची वात पळवणारा उंदीर आणि पेटणारी गंजी, इथपर्यंत हुकूम उतरतो. माझ्या वाचनातला रणनीतीच्या गेमचा हा सर्वांत चांगला आराखडा आहे. त्यात कापून काढण्याचं बटण ठेवायची गरजच पडणार नाही. वैशाखात घोड्यांना जरा जास्त दाणा घातला, की आषाढात कुठल्या तरी कुणब्याचं बियाणं आपोआप जाईल.