अंकपाशातील एक महासंख्या

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) अंकपाश-प्रकरणी २४६३९९९९७५३६० ही तेरा अंकी संख्या येते. २ पासून ९ पर्यंतचे आठ अंक एकेकदा योजून ४०३२० संख्या होतात. त्या सर्वांची ही बेरीज होय. नंदुरबारपासून चाळीसगावपर्यंतच्या जुन्या खानदेशात या ग्रंथाविषयी जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. परंतु हा जिव्हाळा पुष्कळदा संख्येच्या लांबीपाशीच थांबतो आणि विद्यार्थी ती संख्या पाठ करून मोकळा होतो. लांबी हा तिचा सर्वांत गौण गुण आहे.

आचार्यांनी येथे चाळीस हजार संख्यांची बेरीज मांडलेली नाही. प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक सारख्याच वेळा, म्हणजे ५०४० वेळा येतो, या एका जाणिवेवर सारा हिशेब उभा आहे. अंकांची बेरीज ४४; म्हणून प्रत्येक स्थानाची बेरीज ५०४० × ४४ = २२१७६०, आणि ती आठही स्थानी मांडावयाची, म्हणजेच ११११११११ ने गुणावयाची. मूळ सूत्र उपपत्तीविना येते. वर्गात तेही तसेच सांगितले गेले तर त्यातील मर्म हरवते, आणि उरतो तो निव्वळ चमत्कार.

या संख्येचे उजवीकडून आठ अंक तोडून उरलेल्यांत मिळवावेत: २४६३९ + ९९९७५३६० = ९९९९९९९९. हा विशेष नजरेत भरतो. पण त्याचे श्रेय २ ते ९ या अंकांना देणे चूक ठरेल. ५०४० ला ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून ही बेरीज २४६४० × ९९९९९९९९ अशी लिहिता येते. शून्याखेरीज कोणतेही आठ भिन्न अंक घेतले तरी बेरजेला ९९९९९९९९ ने भाग जाईलच. याच प्रकरणातील ३, ९, ८ या अंकांच्या उदाहरणात मात्र बेरीज ४४४० येते व तिला ९९९ ने भाग जात नाही. तेथे ५०४० च्या जागी केवळ २ आहे. तेव्हा हा गुण स्थानांच्या गणतीचा आहे, अंकांचा नव्हे.

मग या अंकांचे स्वतःचे असे काय उरते? अवयव पाडले असता २⁶ × ३² × ५ × ७ × ११² × ७३ × १०१ × १३७ असे रूप मिळते. त्यातील ११ दोनदा का यावा, हे पाहण्यासारखे आहे. एक ११ हा ११११११११ मधून येतो, कारण स्थाने सम आहेत. दुसरा ४४ मधून येतो: २ व ९, ३ व ८, ४ व ७, ५ व ६ या प्रत्येक जोडीची बेरीज ११. कोणत्याही मांडणीत प्रत्येक अंकाच्या जागी त्याचा जोडीदार ठेवला की दोन्ही संख्या मिळून १२२२२२२२१ होतात. अशा जोड्या २०१६०; त्यांनी गुणले की तीच बेरीज हाती येते, आणि सूत्राची गरजही पडत नाही.